दगडांना कायदा, पाण्याला कोण?

वेल्सच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, पेम्ब्रोकशायरमधल्या मेनक्लोखॉग गावाजवळ लॅनडेलो लुइडार्थ नावाची जागा आहे. तिथे एक मध्ययुगीन चर्च होतं. आता छप्पर नाही, घंटा नाही. पडक्या भिंतींचे खुंट तेवढे उरले आहेत. जवळच एक शेतघर आणि एक झरा. झऱ्याला संत टेलोची विहीर म्हणतात. तिचं दुसरं नाव बैलांची विहीर. अशी पडकी चर्चं आणि असे झरे वेल्समध्ये पुष्कळ सापडतील. या झऱ्याची ख्याती वेगळ्याच कारणाने झाली. डांग्या खोकला किंवा छातीचा रोग झालेल्याने इथलं पाणी प्यायचं ते पेल्यातून नव्हे, तर खुद्द संत टेलोच्या कवटीतून.

कवटीची कथा अशी. सहाव्या शतकातला हा संत मृत्युशय्येवर असताना त्याने एका दासीकडून वचन घेतलं. मला पुरून वर्ष झालं की माझी कवटी माझ्या या लॅनडेलोला नेऊन ठेव, पुढच्या पिढ्यांना तिच्यातून पाणी पिऊन आराम पडेल. दासीने वचन पाळलं. पुढे कवटी शेजारच्या शेतघरातल्या मेल्कियर घराण्याकडे वंशपरंपरेने राहिली, आणि गुण येण्यासाठी एक अट पडली. पाणी कवटीत भरून रोग्याच्या हाती द्यायचं ते घराण्याच्या वारसानेच. दुसऱ्या कुणी दिलं तर ते नुसतं पाणी. एका मुलाला लांबून आणलं, पहिल्या खेपेला नियम पाळला गेला नाही म्हणून गुण आला नाही, परत येऊन रीतसर प्यायल्यावर तो बरा झाला, अशी गोष्टही लोक सांगत. श्रद्धेचा हिशेब कुठेही असाच चालतो. गुण आला तर देवाचा, नाही आला तर चूक आपली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जॉन ऱ्हीस यांनी ही सगळी माहिती टिपून ठेवली. ते ऑक्सफर्डमधले केल्टिक विद्येचे पहिले प्राध्यापक, आणि स्वतः वेल्सच्या खेड्यातून आलेले. त्यांना कवटीपेक्षा त्या वारसाच्या अटीचं नवल वाटलं. सामर्थ्य संताच्या अस्थीत असेल तर ती कुणीही हातात धरली तरी चालायला हवी, वारस कशाला? त्यांचा तर्क असा की मुळात हा झऱ्याचा पुजारी, ख्रिस्ती धर्म येण्याआधीपासूनचा. संत मागाहून आला आणि झऱ्याच्या धर्माने त्यालाच आपल्यात ओढून घेतलं. आजचे अभ्यासक अशा ‘अखंड प्राचीन परंपरे’च्या दाव्यांकडे सावधपणे पाहतात, कारण मधल्या हजार वर्षांचा कागद कुणाकडे नसतो. मला तर्काची दिशा पटते, काळाबद्दलची खात्री पटत नाही. पण ऱ्हीस यांनी बोट नेमकं ठेवलं होतं. पवित्र विहीर म्हणजे नुसतं बांधकाम नाही. पाणी आहे, पाणी देणारा माणूस आहे, त्या दोघांना बांधणारी गोष्ट आहे, आणि या सगळ्यांच्या भोवती दगड आहेत.

आज सरकारं वाचवतात ते दगड.

टेलोचंच काय झालं पाहा. लॅनडेलो लुइडार्थच्या आवारात पाचव्या-सहाव्या शतकातल्या शिलालेखांचे दोन दगड होते. त्यांवर आंदागेल्लुस आणि कोइमाग्नुस अशी दोन माणसांची नावं, दोघंही कावेतुसचे मुलगे. एका दगडावर लॅटिनबरोबर ओघम या प्राचीन आयरिश लिपीच्या रेघाही. ते दगड आता मेनक्लोखॉगच्या चर्चमध्ये आहेत. कवटी विसाव्या शतकात मेल्कियर घराण्याबाहेर गेली, पार हाँगकाँगपर्यंत पोचली, आणि १९९४ मध्ये कार्डिफच्या लॅनडाफ कॅथीड्रलमध्ये परत आली. आणि याच संताचं आणखी एक मध्ययुगीन चर्च, स्वानसीजवळच्या लॅनडेलो ताल-इ-बोंटचं, दगड दगड सुटा करून कार्डिफजवळच्या सेंट फॅगन्स संग्रहालयात नव्याने उभारलं गेलं. कामाला वीसहून अधिक वर्षं लागली. २००७ मध्ये ते लोकांसाठी उघडलं. चुन्याच्या थरांखाली सापडलेल्या भित्तिचित्रांच्या आधाराने आतल्या भिंती पुन्हा रंगवल्या, आणि त्यासाठी काळ निवडला तो १५३० च्या सुमाराचा, म्हणजे प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेची लाट येऊन चित्रं पुसली जाण्याच्या अगदी आधीचा.

त्या संग्रहालयाच्या कामाची मी टिंगल करणार नाही. फार कष्टाचं, फार सुंदर काम आहे. पण टेलोची एक जुनी दंतकथा आठवते. तो वारल्यावर लॅनडाफ, लॅनडेलो फॉर आणि पेनॅली अशी तीन ठिकाणं त्याच्या देहावर हक्क सांगायला लागली. रात्रभर प्रार्थना झाली, आणि सकाळी पाहतात तर एकाचे तीन देह, हुबेहूब सारखे. भांडण मिटलं. आधुनिक काळाला एवढा चमत्कार जमला नाही. त्याने देह तीन केले नाहीत, एकाच देहाचे तुकडे केले. कवटी कॅथीड्रलला, शिलालेख शेजारच्या गावाला, रंगवलेलं चर्च संग्रहालयाला. झरा हलवता येत नाही, म्हणून तो जागेवर राहिला.

हलवता येत नाही त्या पाण्याचं काय होतं, हे वेल्सच्याच दुसऱ्या टोकाला कळतं. उत्तरेला फ्लिंटशायरमध्ये होलीवेल गाव आहे; गावाचं नावच विहिरीवरून पडलं. संत विनिफ्रेड नावाच्या मुलीचं डोकं कॅरडॉग नावाच्या सरदारपुत्राने उडवलं, ते जिथे पडलं तिथे झरा फुटला, आणि संत ब्यूनोने डोकं धडाला लावून तिला जिवंत केलं, अशी तिथली कथा. पंधराव्या शतकाच्या अखेरीस झऱ्यावर जी दगडी कमानींची इमारत उभी राहिली ती आजही पाहावी अशी आहे. धर्मसुधारणेनंतरही यात्रा थांबली नाही. १६८० च्या दशकात राजा दुसरा जेम्स मुलगा व्हावा म्हणून इथे आला होता. झऱ्याचा ओघ इतका मोठा की त्याच्यावर खालच्या दरीत गिरण्या चालत.

मग जानेवारी १९१७ मध्ये झरा आटला. हॅल्किन डोंगरातल्या शिशाच्या खाणींतलं पाणी काढून टाकण्यासाठी समुद्रसपाटीच्या पातळीवर जो लांब बोगदा खणत आणला होता, त्याने भूगर्भातला पाण्याचा मार्गच फोडला. विहिरीच्या इमारतीचा एक दगड हलला नाही. एका कमानीला तडा गेला नाही. नंतर दुसरीकडून पाणी वळवून कुंडात सोडलं गेलं, पूर्वीपेक्षा कितीतरी कमी ओघाचं, आणि आज यात्रेकरू स्नान करतात ते त्या पाण्यात. श्रद्धावंतांना त्याने फरक पडला नाही, असं कुणी म्हणेल. पडला नसेलही. पण स्मारकाच्या दृष्टीने विचारा. ज्या वास्तूचा सगळा अर्थ तिच्या पाण्यात आहे, ती वास्तू पाण्याविना ‘सुस्थितीत’ आहे असा शेरा मारणारी वहीच चुकीची आखलेली आहे.

आपल्याकडची वही काही निराळी नाही. १९५८ चा केंद्राचा प्राचीन स्मारकांचा कायदा आणि १९६० चा महाराष्ट्राचा, दोन्ही वास्तूंचा विचार करतात. केंद्राच्या कायद्यात २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आली आणि पुढच्या २०० मीटरवर नियमन आलं. हे अंतर जमिनीवर मोजायचं, आडवं. खाली किती खोल जायचं याची त्या कायद्यांना पर्वा नाही. भूजलाचा कायदा वेगळा. १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला अटकाव केला. नंतरच्या २००९ च्या कायद्याने शेती आणि उद्योगासाठी साठ मीटरपेक्षा खोल विंधन विहिरींना मनाई केली. ती किती पाळली जाते हे मराठवाड्यात बोअरवेलची गाडी रात्री कुठल्या शिवारात जाते ते पाहणाऱ्याला विचारावं. पण पाळली गेली तरी एक खिंडार राहतंच. जी बारव आज पिण्याच्या पाण्याचा ‘स्रोत’ म्हणून नोंदलेलीच नाही, तिला भूजलाच्या कायद्यात जागा नाही. आणि पुरातत्त्वाच्या यादीत ती असली तरी तिथे तिचं पाणी मोजलं जात नाही. दोन खात्यांच्या मधल्या फटीतून पाणी जातं.

साताऱ्याजवळच्या लिंब गावातली बारामोटेची विहीर घ्या. एका वेळी बारा मोटा चालाव्यात अशी तिची रचना, त्यावरूनच नाव. तिथे पाणी टिकून आहे म्हणून ती बघताना अंगावर रोमांच येतात. आता परभणी जिल्ह्यातल्या वालूरची चक्राकार बारव घ्या, पायऱ्या गोल फिरत खाली उतरणारी. गेल्या काही वर्षांत उत्साही तरुणांनी अशा शेकडो बारवांमधला गाळ-कचरा काढला, नकाशे केले, महाशिवरात्रीला दिवे लावले. हे काम सरकारने करायला हवं होतं, ते त्यांनी केलं. पण गाळ काढून तळ मोकळा केलेल्या बारवेच्या शेजारच्या उसासाठी दोनशे मीटर खोल भोक पडलं की तो तळ मे महिन्यात काय दाखवणार? सुंदर फोटो. पायऱ्यांची भूमिती कोरड्या विहिरीत जास्त स्पष्ट दिसते, हे दुर्दैवाने खरं आहे.

इथे एक आक्षेप येणार, आणि तो मी हलका मानत नाही. पाण्याचं ठीक, पण गोष्ट कशाला वाचवायची? कवटीतून पाणी प्यायल्याने खोकला जातो ही अंधश्रद्धा आहे. महाराष्ट्राने २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला तो उगाच नाही. त्यासाठी एका माणसाचा खून पडलेला आपण पाहिला. सरकारी पाटीवर असल्या कथा लिहिल्या तर त्यांना सरकारी शिक्का बसणार नाही का?

त्या कायद्याकडेच पाहू. तो गोष्ट सांगण्याला गुन्हा ठरवत नाही. साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देणं, अघोरी उपचार करणं, चमत्काराच्या नावाने लुबाडणं, हे गुन्हे. लेखणी जिथे ठेवायची तिथेच ठेवली आहे. आणि टेलोच्या कवटीचा इतिहास आणखी एक गोष्ट सांगतो. १५३८ च्या सुमाराला राजाज्ञेने संतांच्या अस्थींची पूजा, यात्रा, नवस सगळं बंद झालं. चर्चमधली समाधिस्थानं मोडली गेली. कॅथीड्रलातून परंपरा निघाली ती शेतघरात जाऊन बसली, आणि नंतरची साडेतीनशे वर्षं, कट्टर प्रॉटेस्टंट होत गेलेल्या मुलखात, शेतकऱ्याच्या घरातून कवटी निघत राहिली. हुकमाने ती प्रथा संपली नाही. माझ्या मते ती संपली तिची गरज संपल्यावर, डांग्या खोकल्याची लस आणि क्षयावरची औषधं आल्यावर. पाहणाऱ्यांनी एक गंमतही टिपून ठेवली आहे. कवटीचे सांधे पुरते जुळलेले नव्हते, म्हणजे ती तरुण माणसाची दिसत होती, आणि टेलो तर परंपरेप्रमाणे वृद्ध होऊन गेला. पाटीवर कथेशेजारी हेही लिहावं. वाचणारा शहाणा असतो. दोन्ही ओळी वाचून काय ते ठरवतो. अंधश्रद्धा वाढते ती अर्धी गोष्ट सांगितल्याने.

शिवाय या कथांत निव्वळ भाबडेपणा नसतो. कार्मार्थनशायरमधल्या लिन लेख ओवेन या तळ्याची कथा आहे. ओवेनने डोंगरावरच्या विहिरीवरची शिळा उचलून घोड्याला पाणी पाजलं आणि शिळा परत ठेवायला विसरला. पाणी उसळत राहिलं, रानाचं तळं झालं. महाराष्ट्रात गावोगाव सांगतात ती लग्नाच्या भांड्यांची कथा आठवा. कार्याच्या आदल्या रात्री तळ्याकाठी किंवा बारवेवर जाऊन मागणं मागायचं, सकाळी काठावर भांडी हजर. कार्य झालं की धुऊन परत करायची. मग कुणीतरी एक वाटी ठेवून घेतली आणि तेव्हापासून भांडी यायची बंद झाली. ज्या समाजाने ही कथा रचली त्याला सामाईक पाणवठा कसा बुडतो हे चांगलं माहीत होतं. विहिरीच्या कोनाड्यात शेंदूर लावलेले सात खडे, साती आसरा, यांच्या भीतीने पाण्यात घाण टाकायला हात धजावत नसे. ती भीती गेली हे चांगलंच झालं, पण तिच्या जागी काय आलं? बहुतेक गावांत प्लास्टिकच्या पिशव्या आणि विसर्जनाचं निर्माल्य.

काळी बाजूही सांगायला हवी. विहिरीला पाणी लागेना म्हणून घरची सून बळी दिली, अशी गाणी आपल्याकडच्या बायकांनी जात्यावर म्हटली आहेत. त्या सुनेचं नाव पाटीवर असायला हवं की नको? मला वाटतं असावं, आणि ती कथा गौरवाने नव्हे तर जशी आहे तशी.

आता वारसाकडे येतो. इथे मराठी वाचकाचं मन अडखळेल, आणि अडखळायलाच हवं. वेल्समधल्या शेतघराचा वारस ही परक्याला गोड वाटणारी गोष्ट असेल. आपल्याकडे पवित्र पाण्याच्या आणि देवाच्या वंशपरंपरागत राखणीने काय केलं ते आपण भोगलेलं आहे. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाणी घेतलं, त्यानंतर त्यांच्यावर हल्ला झाला, आणि मग शेण-गोमूत्राने तळं ‘शुद्ध’ करण्यात आलं. खटला दहा वर्षं चालला. ‘अनादी काळापासूनची वहिवाट’ हा विरोधकांचा दावा मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ मध्ये फेटाळला. अशी वहिवाट सिद्ध होत नाही असं म्हटलं. ऱ्हीस यांच्या अखंड परंपरेला जो प्रश्न आजचे अभ्यासक विचारतात, तोच प्रश्न न्यायालयाने महाडला विचारला, फक्त तिथे उत्तरावर माणसांचं पिण्याचं पाणी अवलंबून होतं. पंढरपुरात बडवे-उत्पातांचे हक्क १९७३ च्या कायद्याने संपवायचे ठरले आणि सर्वोच्च न्यायालयात शेवटचा निकाल लागायला २०१४ उजाडलं. तेव्हा वारसाची अट परत आणा असं मी म्हणत नाही. ती मोडली हे योग्य झालं.

पण हक्क मोडताना आपण राखणदारीही मोडून टाकली. रक्ताची अट काढून टाकता येते आणि माणूस ठेवता येतो, हे पंढरपूरने दाखवलंच. तिथे पूजेची सेवा सर्व जातींतल्यांना आणि स्त्रियांना खुली करायचं पाऊल टाकलं गेलं. बारवेला असं कुणीच नाही. पुरातत्त्व खात्याचा पहारेकरी असतो तिथे तो भिंतीवर नावं कोरणाऱ्यांना हाकलायला. गोष्ट कुणाला विचारायची, पाणी कुठवर आलं होतं ते कुणाला ठाऊक, गाळ कधी काढायचा ते कोण ठरवणार? गावातल्या एका माणसाला, जात-लिंग न पाहता, ग्रामसभेने नेमलेलं आणि मानधन मिळणारं असं काम देणं अवघड नाही. पाणी पुरवणाऱ्या कर्मचाऱ्याला ग्रामपंचायत पगार देतेच की.

परंपरा सांभाळायची म्हणजे वस्तू सुरक्षित जागी नेऊन ठेवायची, ही कल्पना गोव्यातही दिसते. जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टिनच्या भव्य चर्चचा एक मनोरा आणि पडक्या भिंती उभ्या आहेत. जॉर्जियाची राणी केतेवान १६२४ मध्ये शिराझला मारली गेली, आणि तिच्या अस्थींचा काही भाग ऑगस्टिनियन साधूंनी इथे आणून ठेवला होता. उत्खननात सापडलेल्या हाडांची हैदराबादच्या प्रयोगशाळेत जनुकीय तपासणी झाली, आणि २०२१ मध्ये भारत सरकारने ती जॉर्जियाला सुपूर्द केली. ज्या लोकांची ती संत, त्यांना ती मिळाली. यात गैर काहीच नाही, उलट फार शोभून दिसलेली कृती. पण अशी देवघेव हाडांची होऊ शकते. पाण्याला परराष्ट्रमंत्र्याच्या हातून पेटीत घालून कुठेही पाठवता येत नाही. ते जिथे आहे तिथेच सांभाळावं लागतं, आणि ते सांभाळायचं म्हणजे शेजारच्या माणसाला त्याच्या शेतात काय करता येणार नाही हे सांगायचं. म्हणून तर सरकारांना दगड आवडतात.

दगडापलीकडचं काही कायद्यात बसतच नाही, असंही नाही. वेल्सने २०१६ च्या कायद्याने ऐतिहासिक स्थलनावांची अधिकृत यादी करणं बंधनकारक केलं. शेताचं, वळणाचं, झऱ्याचं जुनं नाव हे हातात धरता न येणारं धन, आणि तरी ते नोंदवहीत आलं. ब्रिटन अमूर्त वारशाच्या युनेस्को करारात २०२४ मध्ये आलं. भारत तर २००५ पासून आहे. आपण त्या करारात आपले मोठमोठे उत्सव पाठवतो, आणि त्याचा आनंदही आहे. वालूरच्या बारवेबद्दल तिथल्या म्हाताऱ्या काय सांगतात, ते मात्र कुठल्या यादीत जायचं हे अजून ठरलेलं नाही.

सुरुवात पाण्यापासून करता येईल, कारण तिथे नव्या कायद्याचीही गरज नाही. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा हजारो निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. संरक्षित आणि नोंदलेल्या बारवा त्या निरीक्षण विहिरींत घालाव्यात. प्रत्येक बारवेच्या पाटीवर बांधणाऱ्याच्या नावाखाली, कथेखाली, गेल्या मे महिन्याची आणि त्याआधीच्या दहा मे महिन्यांची पातळी लिहावी. मोजपट्टी गावातल्या राखणदाराकडे द्यावी. आणि पातळी सलग तीन वर्षं खाली गेली, तर पुरातत्त्व खात्याने बारवेच्या पाणलोटातल्या नव्या विंधन विहिरींना लेखी हरकत घ्यावी, भिंतीला तडा गेल्यावर घेतात तशीच.